कोल द बाल्मवरून वाट वाकडी करून आल्बर्ट प्रीमिए हटला जावं का?

सिद्धेश्वर_भटक्या
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मेव्हणा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टूर द्यु माँ ब्लाँ करणार आहोत, म्हणजे माँ ब्लाँ डोंगराभोवती पायी प्रदक्षिणा, साधारण १७० किलोमीटरचा गोल, फ्रान्स इटली स्वित्झर्लंड. व्हिसा, बुकिंग सगळं झालंय. पण नकाशा बघता बघता एक गोष्ट डोक्यात बसली ती निघेना. त्रियाँ गावातून चढून कोल द बाल्मच्या खिंडीत आलो की तिथून फ्रान्समध्ये उतरायचं असतं, पण तिथूनच डावीकडं एक पायवाट आल्बर्ट प्रीमिए हटला, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घराला, जाते, २७०० मीटरवर, तूरच्या हिमनदीच्या अगदी शेजारी. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो, त्या उन्हात वाढलेल्या माणसाला हिमनदी हाताच्या अंतरावर बघायची किती ओढ असेल सांगा. रात्रीचा मुक्काम खाली त्रे-ले-शाँला बुक आहे. त्याच दिवशी वर जाऊन खाली येणं जमेल का? मेव्हणा म्हणतोय दाजी ठरलेली वाट सोडू नका. माझं वय ४९, डावा गुडघा उताराला कुरकुरतो.

कळसूबाई_दरवर्षी
दादा नक्की जा, पण राहायला जा. एका दिवसात वर जाऊन खाली यायचा हट्ट करू नका, आम्ही तोच केला होता. हिशोब बघा, त्रियाँ साधारण १३०० मीटरवर, खिंड २२०० च्या आसपास आणि हट २७००, म्हणजे १४०० मीटरची चढाई, बारीतून कळसूबाई चढतो त्याच्या जवळपास दीडपट, ती पण पाठीवर सॅक घेऊन. मला खिंडीतून हटपर्यंत तीन तास लागले, पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि वीस मिनिटांत परत फिरायला लागलं. हिमनदीकडं नीट बघितलंच नाही, घड्याळाकडंच बघत होतो. त्याची खंत मला अजून आहे.

आणि पाट्यांवर किलोमीटर नाही, वेळ लिहिलेली असते. स्वित्झर्लंडच्या पिवळ्या पाट्यांवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, त्यात जेवणाचा, फोटोचा वेळ आपण मिळवायचा.

गुडघेदुखी_सोलापूर
गुडघ्याचं विचारलंत म्हणून सांगते. हटवरून ल तूर गावात मोरेनवरून, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावरून, सरळ उतरणारी वाट आहे, जवळ पडते पण १२५० मीटरचा उतार आहे, सगळे दगडगोटे, माझे दोन्ही गुडघे संध्याकाळी उकडलेल्या बटाट्यासारखे सुजले होते. तुम्ही शारामियोंकडून उतरा, वळसा पडतो पण उतार जरा सौम्य आहे. काठ्या दोन घ्या, एक नको. आणि ढग जमायला लागले तर वरची वाट सोडून सरळ खाली, तिथं दुपारनंतर गडगडाट सुरू झाला तर उघड्यावर आडोसा नाही. हिमनदीवर मात्र एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही, भेगा वरच्या बर्फाखाली झाकलेल्या असतात, दोर आणि माहीतगार माणूस असल्याशिवाय तिकडं जायचं काम नाही. काठावरून भरपूर दिसते. मागं सरकत गेलीय, खडकावर जुन्या उंचीची फिकट रेघ दिसते, ती बघून पोटात कालवतं.

शेंगाचटणी
हटचं थोडं सांगतो. बूट दारातच रॅकवर काढायचे, आत तिथल्या चपला घालायच्या. झोपायला एकत्र बंक, ब्लँकेट मिळतं त्यामुळं सोलापुरी चादर घरीच ठेवा, फक्त स्वतःचं पातळ स्लीपिंग लायनर, म्हणजे आत झोपायची चादरीची पिशवी, लागतंच. जेवण सगळ्यांचं एकाच वेळी, शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, आयत्या वेळी सांगून काय व्हायचं नाही, सगळा शिधा खालून वर आलेला असतो. रोख युरो जवळ ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, चार दिवस टिकते आणि वाटेत लई आधार होतो. पेढे, खवा, तूप नेऊ नका, युरोपात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

हट बेल्जियमच्या राजाच्या नावाचं आहे, आल्बर्ट पहिला. तो स्वतः गिर्यारोहक होता आणि १९३४ मध्ये चढाई करतानाच पडून गेला.

पहाटे तीनच्या सुमाराला गिर्यारोहक उठतात. अंधारात कॅराबिनरची (दोर अडकवायच्या कड्यांची) किणकिण, हलक्या आवाजातलं फ्रेंच, मग दार. मी खिडकीशी गेलो तर हिमनदीवर हेडलॅम्पची माळ हळूहळू वर सरकत होती, आपल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागं दिवे चालतात तशी. परत झोप आलीच नाही, आणि यावी असं वाटलंही नाही.

सिद्धेश्वर_भटक्या
शेवटचं वाचून मेव्हण्याला फोन लावला आणि तेवढंच वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला दाजी, खिडकीकडची जागा मिळते का विचारा. त्रे-ले-शाँची रात्र एक दिवस पुढं सरकते का बघतो, शामोनी गावातला मोकळा दिवस त्यात घालतो. सोमवारी हटला फोन करतोय, दोन शाकाहारी, आणि जमलं तर खालचे बंक.