पूरभिंत अडलीय का? तुमचे अनुभव लिहा

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने अरण्येश्वर, सहकारनगरात काय केलं ते सांगायला नको. तेव्हापासून काठावरच्या सीमाभिंतींचं काम चालूच आहे. कुठे भिंत झाली, कुठे नुसत्या सळया. ओढा असो की मुठा नदी, तुमच्या गल्लीत काम कशाला अडलं ते लिहा. पक्षांवर नको, त्यासाठी बाकी जागा आहेत.

ओढाकाठ
आमची मागची भिंत त्या रात्री गेली, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. पुढे कळलं, भिंत सोसायटीच्या हद्दीत, म्हणजे खासगी. खासगी जागेत सरकारी पैसा लावता येत नाही म्हणे. आर्किटेक्टचा आकडा सभेत वाचला तेव्हा निम्मे सभासद पेन्शनर, कोण बोलणार? शेवटी एक काका उठले, "ओढा आपल्या मालकीचा आहे का? मग त्याला अडवायचा खर्च आपला कसा?" ठराव झाला, पत्रं गेली. तूर्त पत्रे ठोकलेत. कोपऱ्यातला पत्रा पावसाळ्यात रात्रभर खडखडतो.

जुना ठेकेदार
पैसा नसतो असं नाही, वेळेवर नसतो. एप्रिलला तरतूद दिसते. अंदाजपत्रक, निविदा, मान्यता होऊन वर्क ऑर्डर मिळेतो मे संपतो, आणि जूनपासून ओढ्यात पाया खणता येत नाही. दिवाळीनंतर काम धरावं तर निम्मी रक्कम वर्गीकरण होऊन, म्हणजे एका कामाची दुसऱ्याकडे वळवून, कुठल्यातरी रस्त्याला गेलेली. पुढच्या वर्षी दर वाढतात, मग सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा तीच फाईल. एका ठिकाणी पाया भरला, बिल अडकलं, मी माणसं काढून घेतली. रहिवासी शिव्या मलाच देत होते. देणारच, समोर मीच दिसायचो.

एकतानगरीकर
आमची मुठा. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं होतं. जाग आली तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाणी, मीटर बुडालेले. त्यानंतर भिंत, पुनर्वसन, पुनर्विकास, दर बैठकीत वेगळं. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. आम्ही तिच्या आत. फ्लॅट विकायला काढला, बँकेचा माणूस नकाशा बघून गेला तो गेलाच.

पेठेतला
आजी १२ जुलै १९६१ ला शनिवार पेठेत होती, पानशेत धरण फुटलं तेव्हा. भिंतीचा विषय काढला की म्हणते, "तिथे धरण राहिलं नाही. भांडी माळ्यावर ठेवा आधी."

ओढाकाठ
@जुना ठेकेदार, वर्गीकरण झालं हे आम्हाला कळणार कसं?

जुना ठेकेदार
महापालिकेच्या स्थायी समितीच्या विषयपत्रिकेत येतं. डिसेंबरपासून नजर ठेवा. तुमच्या भिंतीचं नाव 'रक्कम उपलब्ध' खाली दिसलं तर समजा, पैसे तिथून निघालेत.