बारी गेल्यावर ओतलेला वाघ बारीचा म्हणायचा का?

प्राण्यांची ब्राँझ शिल्पं करणारा फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारी 1875 मध्ये गेला. पुढच्याच वर्षी, ज्यांवरून प्रती ओततात त्या त्याच्या नमुन्यांचा लिलाव झाला. पॅरिसच्या बार्बेदिएन ओतशाळेने त्यातले पुष्कळ घेतले आणि तेच वाघ-सिंह पुढे कैक वर्षं ओतून विकले. आज या प्रतींनाही सरसकट ‘बारी’ म्हणतात. मला ते मान्य नाही. बारी सोनारकामातून वर आलेला माणूस. भट्टीतून आलेल्या ब्राँझवर छिन्नी-कानस चालवणं, रंग चढवणं, सगळ्यावर त्याची नजर असे. तो हात गेला की उरतो फक्त आकार.

प्रतिसाद 1
अहो, मग सापाला पंजाखाली दाबणारा तो मोठा सिंह कुणाचा? तो ओतला ओनोरे गोनोंने. त्याला आपण बारीचाच म्हणतो ना? ज्यानं घडवलं, काम त्याचं.

धागाकर्ता
गोनोंने ओतला तेव्हा बारी हयात होता. काही चुकलं असतं तर बोलायला माणूस होता. मी ‘चालता वाघ’ दोन प्रतींत पाहिलाय. जुन्या प्रतीत खांद्यामागची कातडीची घडी बोटाला लागेल इतकी खोल, बरगड्या श्वास घेतल्यासारख्या. नंतरच्या प्रतीत तीच जागा साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. चित्रकार देलाक्रुआबरोबर मेलेल्या सिंहाची मापं घेत बसलेल्या माणसाचं काम असं पुसट करून त्याच्याच नावावर खपवायचं?

प्रतिसाद 2
दोन प्रतींवरून सगळी ओतशाळा मोडीत काढू नका. बार्बेदिएनच्या काही प्रती अप्रतिम आहेत. आणि बारीला प्रती हव्याच होत्या. त्यानं स्वतः किमतींची यादी छापून दुकान चालवलं. 1837 च्या सलोंच्या, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाच्या, परीक्षकांनी त्याची जेवणाच्या टेबलावरची शिल्पं परत पाठवली, 1848 मध्ये कर्जापायी नमुनेही हातचे गेले, तरी त्याला त्या मूर्ती साध्या घरांतल्या फडताळावर पोचवायच्या होत्या. बार्बेदिएनने तेच पुढे नेलं.

प्रतिसाद 1
अगदी हेच. 1831 च्या सलोंमध्ये गंगेतल्या सुसरीला फाडणारा वाघ पाहून लोक थबकले, ते त्या झटापटीमुळे. कानशीचे ओरखडे कोण बघत होतं?

धागाकर्ता
मी बघतो, कारण ती झटापट त्या ओरखड्यांतच आहे. प्रतींना माझा विरोध नाही. बारीनं काही प्रतींवर क्रमांक ठोकले होते, म्हणजे कुठली कितवी याची त्यालाही फिकीर होती. नंतरच्या प्रतीखाली ‘बारीचा नमुना, बार्बेदिएनचं ओतकाम, मृत्यूनंतर’ एवढं लिहा. मग मीही एखादी घरी आणीन.