नव्या प्रोसेसरसाठी थांबायचं का? आणि 'डुप्लिकेट चिप' म्हणणं आता बंद करा

विश्रामबागचा असेंबलर:
परवा मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी दुकानात आले. टॅलीसाठी मशीन हवं होतं. इंटेलसारखेच प्रोसेसर म्हणजे चिपा बनवणाऱ्या एएमडीचं कोटेशन हातात दिलं तर म्हणाले, "ते डुप्लिकेट नको, ओरिजिनल इंटेल द्या." सांगलीत पंचवीस वर्षं मशीन जोडतोय, हे वाक्य अजून ऐकावं लागतं याचं वाईट वाटतं.

पीसीच्या चिपांत एएमडीची सुरुवात इंटेलच्या चिपा बनवूनच झाली, असं लोक म्हणतात. त्यात चोरी नव्हती. १९८१ च्या पीसीत आयबीएमनं इंटेलची ८०८८ ही चिप घातली, पण एकाच पुरवठादारावर विसंबायची तयारी नव्हती. म्हणून इंटेलनंच एएमडीला परवाना दिला. पुढं दोघं कोर्टात गेले ते वेगळं. १९९१ मध्ये एएमडीची ३८६ ही चिप आली ती ४० मेगाहर्ट्झ वेगाची. इंटेलची ३३ वरच थांबलेली. आणि आज दोघांच्याही चिपा जी ६४-बिटची भाषा बोलतात, ती एएमडीनं २००३ मध्ये आणली, इंटेलनं नंतर उचलली. त्या व्यापाऱ्यांना मी दुकानातल्या इंटेलच्याच मशीनवर विंडोजमधलं 'विनएसएक्सएस' फोल्डर उघडून दाखवलं. आत ओळीनं 'एएमडी६४' नावानं सुरू होणारी फोल्डरं. बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले.

दुसरं, इंटेलच्या नोव्हा लेक आणि एएमडीच्या झेन ६ या नव्या प्रोसेसरांच्या बातम्या वाचून माझी चार गिऱ्हाइकं थांबलीत. काम अडलं असेल तर थांबू नका.

मिरज डीटीपी:
दादा, इतिहास मान्य. पण १९९८ मध्ये कर्ज काढून पहिलं मशीन घेतलं, त्यात दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची चिप घातली. नाव घेत नाही. ऐन लग्नसराईत कोरल ड्रॉमध्ये पत्रिका लावली की मशीन हँग. पार्टी रात्री अकराला दारात उभी आणि मी मुहूर्ताची ओळ तिसऱ्यांदा टाईप करतोय. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. तेव्हापासून फक्त इंटेल. मशीन अडलं की कंपनी येत नाही, गिऱ्हाइकासमोर मलाच उभं राहावं लागतं.

वालचंदचा बी.टेक.:
मी थांबायच्या बाजूचा आहे. नोव्हा लेकमध्ये ५२ कोअर, म्हणजे एकाच चिपेत काम करणारे ५२ भाग, असतील अशी चर्चा आहे. झेन ६ चा सर्व्हरचा प्रोसेसर २ नॅनोमीटर या नव्या, अधिक बारीक तंत्रावर बनतोय हे तर एएमडीनंच सांगितलंय. घरून एकदाच पैसे मिळणार, ते जुन्या पिढीत का घालायचे? आणि काका, नकलेचा वाद आता जुना झाला. रिस्क-फाइव्ह ही चिपांची खुली भाषा बघा. २०१० मध्ये अमेरिकेत बर्कले विद्यापीठात सुरू झाली, तिला परवान्याची फी नाही. आपल्या आयआयटी मद्रासची 'शक्ती', सी-डॅकची 'वेगा' या चिपा तिच्यावरच उभ्या आहेत.

विश्रामबागचा असेंबलर:
'शक्ती'चा अभिमान मलाही आहे. पण टॅली विंडोजवर चालतं आणि रिस्क-फाइव्हवर विंडोज नाही, मग यार्डात काय विकू?

चर्चेतल्या आकड्यांवर मात्र पैसे अडवून ठेवू नकोस. इंटेलच्या पेंटियम ४ ची रचना १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल असं तेव्हाही बोललं जायचं. गाडी ३.८ वर अडली, उष्णतेनं. ४ गिगाहर्ट्झची चिप २००४ मध्ये इंटेलनं रद्दच केली. त्या आशेवर थांबलेली पोरं माझ्याच दुकानात होती. शिवाय नव्या चिपेला नवं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची चिप बसवायची जागा, लागलं की नवा बोर्डही आला, आणि डीडीआर५ रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांनी कुठं नेलेत ते तू बघतोयसच. आत्ता एएमडीच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घे. २०२७ पर्यंत तरी ते सॉकेट चालवू असा एएमडीचा शब्द आहे, चिप पुढं बदलता येईल.

मिरजकर, तुमचा त्रास खोटा म्हणत नाही. त्या काळातल्या पर्यायी चिपांचं दशांशाचं गणित इंटेलपेक्षा मंद होतं. पण नुसतं मंद नाही, चुकीचं उत्तर दिलं ते १९९४ च्या पेंटियमनं, भागाकारात. चिपा बदलून द्यायला इंटेलनं ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. आणि २०२४ मध्ये इंटेलच्याच १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपा अस्थिर निघाल्या तेव्हा वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. छाप बघून भरवसा ठेवायचे दिवस गेले.

तासगाव बेदाणा:
आमच्या सौद्याच्या पावत्या सहा वर्षं जुन्या इंटेल आय३ च्या मशीनवर निघतात. जुन्या हार्ड डिस्कऐवजी नुसती वेगवान एसएसडी घातली, पळतंय. लोकांना आधी ते सांगा.

विश्रामबागचा असेंबलर:
शंभर टक्के. त्या व्यापाऱ्यांनाही आधी एसएसडीच सुचवली होती. त्यांचं मशीन महापुरात भिजलेलं, बोर्डावर गंज. म्हणून नवं.

मिरज डीटीपी:
एसएसडी माझ्याकडंही आहे, पण आठ फुटी फ्लेक्सच्या फाईलला ती पुरत नाही. बरं, रविवारी येतो. माझी सगळ्यात जड फाईल पेनड्राइव्हवर आणतो. तुमच्या एएमडीवर माझ्यासमोर उघडा आणि दोन तास चालवा. हँग झालं नाही तर बोलू.

विश्रामबागचा असेंबलर:
या. दुकान दहाला उघडतं.