कोर्स इंग्रजीतून, वर्गमित्र जर्मन: बी१ करूनच जावं का?

पैलतीर:
जर्मनीतला मास्टर्स इंग्रजीतून आहे, मग जर्मन कशाला, असं पुण्या-मुंबईची मुलं सर्रास म्हणतात. माझं मत उलट आहे: बी१ (जर्मनची मधली पायरी, रोजचं बोलणं निभावेल इतकी) झाल्याशिवाय विमानात बसू नये. तास इंग्रजीत होतो, पण तो संपून बाकांवर मुठींची टकटक झाली (तिकडे टाळ्यांऐवजी हीच रीत) की जर्मन मुलं आपसांत जर्मनवर येतात. मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, एका टेबलावर पाच जर्मन आणि आपला एक असेल, तर सुरुवातीला सगळे त्याच्यासाठी इंग्रजी बोलतात. मग कुणाला तरी गंमत आठवते, ती जर्मनमध्येच सांगितली जाते, आणि आपला मुलगा ताटाकडे बघत बसतो. यात उद्धटपणा नाही, परक्या भाषेत पटकन विनोद सुचत नाही एवढंच. गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने बी१पर्यंत ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. प्रवेशाचं पत्र आल्यावर सुरुवात केली तर ते होणं शक्य नाही.

गणपत्रिका:
असहमत. भाषा शिकाच, पण मैत्री नेमकी कुठे जमते ते आधी बघा. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्रात दर आठवड्याला उदाहरणांचा एक संच मिळतो, त्याला युबुंग्सब्लाट म्हणतात. बऱ्याच ठिकाणी तो दोघा-तिघांच्या गटाने सोडवून द्यायचा असतो आणि साधारण निम्मे गुण मिळाले तरच परीक्षेला बसता येतं. म्हणजे त्याच दोघांबरोबर दर आठवड्याला चार-पाच तास फळ्यासमोर डोकं खाजवायचं. ओळख पक्की होते ती तिथे.

हे गट पहिल्या दोन आठवड्यांतच ठरतात. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरपासून, तास महिन्याच्या मध्याला, आणि त्याच्या आधीचे काही दिवस नव्यांच्या ओळखीचे. आपली कितीतरी मुलं व्हिसा रखडल्यामुळे नोव्हेंबरात पोचतात. तोवर गट झालेले असतात. उरतात ती उशिरा आलेली आपलीच मुलं, मग सगळं सत्र त्यांच्यातच जातं. व्हिसासाठी लागणारं एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) नोव्हेंबर २०२२पासून भारतीयांना सक्तीचं आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात शिरताच त्याचा अर्ज टाका. बी१ अर्धवट राहिलं तरी चालेल, पहिला आठवडा चुकवू नका.

खिडकीशेजारी:
तुम्ही दोघंही वर्गातच अडकलात. वसतिगृहात आठ-दहा जणांत एक स्वयंपाकघर असतं, संबंध जुळतात आणि तुटतात तिथेच. फोडणी देण्याआधी खिडकी उघडा आणि दार लावून घ्या, मोहरी नंतर. तेल धुरावलं की वरचा धूरसूचक किंचाळतो आणि अख्खा मजला बाहेर येतो. भिंतीवर सफाईचा तक्ता असतो. आपल्या आठवड्यात ओटा पुसला नाही तर कुणी भांडत नाही, फक्त बोलणं कमी होतं. का, ते आपल्याला कळतच नाही. वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. आणि शुभेच्छा आदल्या दिवशी कधीही देऊ नका, तो अपशकुन मानतात.

पैलतीर:
गटांचं मान्य, तो मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. पण गटातही अडलेल्या उदाहरणावर तिघांपैकी दोघं जर्मनमध्ये तावातावाने बोलू लागले की तिसरा फक्त उत्तर उतरवून घेतो.

गणपत्रिका:
बी१ने ते सुटत नाही. बी१वाला अडखळला की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो, मदत म्हणूनच. तेव्हा न लाजता सांगावं लागतं, 'क्योनन वीर बिटं डॉइच श्प्रेखन?', आपण जर्मनमध्ये बोलू या का? आणि इंग्रजी कोर्सच्या वर्गात जर्मन असतात तरी किती? चिनी, इराणी, तुर्की मुलंही असतात, ती तुमच्याइतकीच नवखी. म्हणून माझं म्हणणं, इथून ए२ (बी१च्या आधीची पायरी) करून जा आणि पुढचं विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात, संध्याकाळच्या वर्गात शिका. तिथे सगळेच 'डेअर, डी, डास'मध्ये (नामाचं लिंग दाखवणाऱ्या शब्दांमध्ये) चुकतात, कुणी कुणाला हसत नाही. नोंदणी उघडते त्याच दिवशी नाव घाला, जागा झटपट भरतात.

खिडकीशेजारी:
त्याला जोड म्हणून टँडम: तासभर भेटायचं, अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास आपली. घड्याळ लावूनच, नाहीतर पूर्ण तास इंग्रजीत जातो.

आणि 'ये ना कधीतरी घरी' हे तिकडे आमंत्रण धरत नाहीत. वार आणि वेळ सांगा: 'गुरुवारी सात वाजता, मी पोहे करतोय.' सातला म्हणजे सातलाच बेल वाजेल, तेव्हा कांदा आधी चिरून ठेवा.