बालकवींची 'औदुंबर' वाचून तुम्हाला शांत वाटतं की उदास?

कृष्णाकाठची
शाळेत 'औदुंबर' आम्हाला निसर्गवर्णन म्हणून शिकवली. उत्तरात 'रमणीय' लिहिलं की मार्क मिळायचे. मला मात्र ती कधी रमणीय वाटलीच नाही. जेमतेम आठ ओळी, पण शेवटाला आले की घसा दाटतो.

पहिल्या चार ओळींत झरा आहे, बेटं आहेत, चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत. मग ही वाट निघते:

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.

गावातून निघालेली वाट, आणि तिच्यावर चिटपाखरू नाही. घागर घेतलेली बाई नाही, गुराखी नाही. आमच्या भागात औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड. त्याला पार असतो, पादुका असतात, गुरुवारी बायकांच्या प्रदक्षिणा असतात. इथे, कवितेच्या शेवटच्या ओळीत, तो एकटाच डोहाच्या पाण्यात पाय टाकून बसलाय. आई गेल्यावर आमचे आबा विहिरीच्या कठड्यावर असेच बसायचे. जेवायला हाक मारली तरी मान वळवायचे नाहीत. मला झाडाच्या जागी तेच दिसतात. तुम्हाला काय दिसतं?

गिरणाथडी
ताई, आबांचं वाचून गलबललं. पण मी जळगाव जिल्ह्यातला, आणि बालकवी आमच्या धरणगावचे, म्हणून बोलतो. आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा डोहाकाठच्या उंबराखाली जो गारवा मिळतो तो घरात पंख्याखालीही मिळत नाही. पाण्यात पाय सोडून बसणं हे आमचं दुपारचं सुख. कवी पाण्यावरच्या त्या सावलीला 'गोड काळिमा' म्हणतो. मला ते झाड तृप्त वाटतं. कुणाची वाट पाहत नाही, कुणावर रुसलेलं नाही.

शाईपेन
'श्रावणमासी' लिहिणाऱ्यानेच 'पारवा' लिहिली आणि 'कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला' हेही लिहिलं. त्यामुळे दोन्ही वाचनांना जागा आहे. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तिशीही गाठली नव्हती. ते आठवून अनेकजण काळ्या डोहात मृत्यू बघतात. मला हे अजिबात पटत नाही. कवितेचं बळ कवितेतच आहे. बघा, यात 'मी' कुठेच नाही. झऱ्यावरून नजर दूरच्या टेकडीकडे जाते आणि तिथून हळूहळू जवळ येत पाण्याशी थांबते. मनात काय चाललंय याबद्दल कवी चकार शब्द काढत नाही. म्हणून ताईंना आबा दिसतात आणि गिरणाथडींना दुपार.

कृष्णाकाठची
शाईपेन, भादलीबद्दल अगदी सहमत. मीही ते बाजूला ठेवूनच वाचते.

गिरणाथडी दादा, गारव्याचं मनाला भिडलं. त्या नजरेने मी कधी वाचलंच नव्हतं. पण कविता पुन्हा बघा: दोन्ही तटांवर हिरवाळी, कुरण हिरवं, शेतमळ्यांची दाट गर्दी. हा वैशाख नाही. पावसाने हात दिल्यानंतरचे दिवस आहेत. त्या दिवसांत आमच्याकडे भांगलणीला बायकांची रांग लागलेली असते, बांधावर पोरं असतात, बैलांना पाण्यावर नेणारं कुणीतरी असतंच. एवढं पिकलेलं शिवार आणि त्यात एकही माणूस घेतलेला नाही. माझी उदासी तिथे आहे, डोहात नाही.