छत्तीस तासांची लढाई आणि म्हातार्‍यांच्या आठवणी

बाणस्तारीकार: काल इथे एका विद्वानांनी लिहिलं, "गोवामुक्तीची लढाई छत्तीस तासांत आटोपली. म्हातार्‍यांना मोबाईलसमोर बसवून आठवणी नेटवर चढवणं हा रिकामटेकडेपणा." रात्रभर डोकं तापलंय. छत्तीस तास सैन्याचे हो! १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, ते कुठल्या छत्तीस तासांत बसवता? पाखल्यांनी (म्हणजे पोर्तुगिजांनी) बाणस्तारीचा पूल उडवला तेव्हा माझी आजी सात महिन्यांची गरोदर, कुळागरात, पोफळीच्या बागेत लपलेली. माहेर पुलापलीकडे. ती गेली, आवाज कुणी धरून ठेवला नाही. १९६१ साली दहा वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीला टेकला.

केप्याचा मास्तर: तो विद्वान मीच. माझ्या काकांच्या गोष्टीत दाबोळी विमानतळावर बॉम्ब टाकायला आधी दोन विमानं यायची. दर डिसेंबरला एकेक वाढत गेलं. शेवटी शेवटी वैमानिक काकांना हात करायचा. हे चढवलं की पुढल्या वर्षी मुलं भाषणात ठोकतात, 'प्रत्यक्षदर्शी सांगतात'.

म्हापशेची: मास्तर, बीबीसीने २००३ ते २००६ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या ४७ हजार आठवणी सामान्य लोकांकडूनच घेतल्या. विमानं मोजायला सरकारी कागद आहेत. काकांची किती तंतरली होती ते कागदात सापडेल?

मांडवीकाठचा: आधी हे सांगा, लिहून काढणार कुठल्या भाषेत? आमच्याकडे आजोबा अस्खलित मराठीत बोलले आणि खाली मजकूर आला कोंकणीत! १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही जागा आहे म्हटलं.

सासष्टीकार: आलंच! १९६७ चा कौल अजून घशात अडकलाय वाटतं. माझी आजी रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत पत्रं लिहायची. तिला देवनागरीवाले मोजत नाहीत आणि तुम्ही तर नाहीच नाही.

मांडवीकाठचा: कौल महाराष्ट्रात विलीनीकरणाचा होता, भाषेचा नव्हे. इतिहास वाचा.

सासष्टीकार: तुमच्याकडून? देव बरें करूं!

बाणस्तारीकार: लिपीवर भांडा हवं तेवढं, पण रेकॉर्डिंग झाल्यावर. म्हातारे तोवर थांबणार नाहीत.

केप्याचा मास्तर: लिपी गेली खड्ड्यात. माझ्याकडे एक रेकॉर्डिंग आहे (हो, मीही करतो, हसा). गृहस्थ आग्वादच्या तुरुंगात होते. पाखल्यांना खबर कुणी दिली ते नाव-घराण्यासकट सांगतात. त्या घरची नात माझ्याच शाळेत शिकवते. चढवू?

म्हापशेची: चढवा. काझिमिरो मोंतेरोचं नाव घेताना कुणाची जीभ अडखळत नाही, मग खबऱ्यांचे लाड का?

केप्याचा मास्तर: मोंतेरो पोर्तुगिजांच्या पोलिसातला, त्याने केलेला छळ जगजाहीर. इथे एकाचा संशय, तोही साठ-पासष्ट वर्षं मुरलेला. ज्याच्यावर आहे तो मेलाय. उत्तर कोण देणार?

बाणस्तारीकार: बरं बाबा. लोकांसाठी नाव गाळा, मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा. तेवढ्यापुरतं तुमचं खरं. काकांची विमानं मात्र सगळी ठेवायची.

केप्याचा मास्तर: ठेवा. खाली माझा शेरा असेल.

म्हापशेची: मला हे अजिबात मान्य नाही. गावाला नाव ठाऊकच असतं, गाळून फक्त नातवंडांपासून लपतं. माझ्या आजोबांच्या पाठीवरचे वळ कुणी गाळले होते?

बाणस्तारीकार: मग तुमचं तुम्ही लावा, नावासकट. कोर्टाच्या खेपाही तुम्हीच घाला.