मदत हवी आहे: बिअरला गुण शैलीनुसार द्यावेत की आवडीनुसार?

क्राफ्ट बिअर चाखून वहीत गुण नोंदवताना मी एका प्रश्नावर अडलो आहे. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या ५० गुणांच्या पत्रिकेत वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात, शिवाय बिअर आपल्या शैलीला कितपत साजेशी आहे हेही पाहिले जाते. अनटॅप्ड या बिअरला गुण देण्याच्या अ‍ॅपवर मात्र ५ पैकी एकच आकडा द्यायचा असतो, त्यामुळे दाट, काळी, कडक इम्पिरियल स्टाउट सहज वर चढते आणि निर्दोष पिल्सनर (फिकट, हलकी लागर) मागे राहते. हे मला अन्यायकारक वाटते, कारण हलक्या पिल्सनरमध्ये दोष लपवायला जागाच नसते. स्वतःला न आवडणाऱ्या शैलीतील उत्तम बिअरला, उदाहरणार्थ आंबट-खारट गोजेला, आपण गुण कसे देता, आणि ते पहिल्या घोटाला देता की ग्लास संपल्यावर?